मंगळवाराशी करार

ढवळसांगवी गावाने हात वर करून ठरवलं की आपण मंगळवारातून बाहेर पडायचं, आणि गाव मंगळवारातून बाहेर पडलं.

हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. माझं चहाचं हॉटेल ढवळसांगवीच्या फाट्यावर आहे, पण हद्द धरली तर ते गव्हाणपेठेत येतं. रस्त्याच्या अलीकडे गाव, पलीकडे मी. त्यामुळे मला मत नव्हतं आणि माझे सातही वार शाबूत राहिले. लोक मला हरबातात्या म्हणतात. शाळेत मी चौथीपर्यंत गेलो, त्यातही परीक्षेला नाही. म्हणून जे दिसलं तेवढंच सांगतो. समजावून सांगायचं काम शिकलेल्यांचं.

बाहेर पडायचं कारण असं, की गव्हाणपेठेचा आठवडी बाजार मंगळवारी भरतो. लसणाची टोपली कुठे मांडायची, मिरचीच्या पोत्याचं तोंड कोणीकडे करायचं, हे तिथली बाजार कमिटी ठरवणार आणि ढवळसांगवीकरांनी ऐकायचं. सरपंच तुळशीराम खोकले पारावर उभे राहून म्हणाले, "मंगळवार आपल्याला देतो काय? उपास देतो. पोरींच्या पत्रिकेत मंगळ देतो. बाजारात उन्हातली जागा देतो. बाकीचे वार घरचे आहेत, हा एकच बाहेरचा." लोकांना पटलं. ज्यांना पटलं नाही त्यांनी हात खाली ठेवले. वरचे हात खालच्या हातांपेक्षा जरासेच जास्त भरले, आणि उपसरपंच बबन शेळक्याने त्यात दोन्ही हात वर केले होते असं अजून बोललं जातं.

पुढच्या मंगळवारी दुपारी गव्हाणपेठेच्या नगरपालिकेचा भोंगा वाजला, तेव्हा ठराव लागू झाला. गावात जे होते ते जेवणाच्या ताटावरून थेट बुधवारच्या सकाळच्या चहावर गेले. तेव्हापासून गाव सोमवारी झोपतं आणि उठतं ते बुधवारी. आमच्याकडे वार सूर्य उगवला की बदलतो, त्यामुळे घड्याळाचा घोळ झाला नाही. घरं जागेवर राहिली, देऊळ जागेवर राहिलं, म्हशी जागेवर राहिल्या, कारण म्हशींनी हात वर केले नव्हते. मंगळवारी तुम्ही गावात शिरलात तर दारांना कड्या, चुली गार, आणि गोठ्यातून म्हशी तुमच्याकडे बघतायत.

भाऊबंदांच्या वाटणीत भिंत पडते तेव्हा जे ज्या अंगाला असेल ते त्याचं होतं, तसंच इथे झालं. भोंगा वाजला तेव्हा जे बाजारात होतं ते मंगळवारच्या वाट्याला गेलं. देवळाचं मोठं पातेलं कल्हईला दिलं होतं, ते गेलं. सरपंचांची दातांची कवळी दुरुस्तीला होती, ती गेली. आणि विरोधी पक्षाचे पुढारी रंगनाथअण्णा ठोसर यांची बायको कलावती लसूण विकायला गेली होती, ती गेली.

आता तिला फक्त मंगळवार आहेत. एक मंगळवार मावळतो आणि उजाडतो तो दुसरा मंगळवार. उन्हाळा संपून पाऊस कधी आला हे तिला छत्रीवाल्यांकडून कळतं.

मजा अशी, की अण्णा मंगळवारात राहायच्या बाजूचे. त्यांच्या पक्षाचं नावच 'मंगळवार राखा आघाडी'. आणि कलावतीवहिनींनी हात वर केला होता तो बाहेर पडायला. त्याचं कारण त्यांनी मला माझ्याच बाकावर बसून सांगितलं होतं. "हरबाभाऊजी, ह्यांचा मंगळवारचा उपास. ह्यांना साबुदाणा वेगळा, पोरांना भाकरी वेगळी. संध्याकाळी उपास सोडायला पुन्हा गोड वेगळं. देव ह्यांना पावतो आणि कंबर माझी मोडते. जाऊ दे एकदाचा तो वार." असं म्हणून त्या मत देऊन आल्या, आणि नेमक्या त्याच वारात अडकल्या, कारण लसणाच्या जुड्या आधीच बांधून ठेवल्या होत्या.

अण्णांनी त्यांच्याकडे जायचा प्रयत्न केला नाही असं नाही. एका सोमवारी पहाटे, वार बदलायच्या जरा आधी, ते माझ्या हॉटेलात येऊन बसले. म्हणाले, "हरबा, तुझी हद्द वेगळी. मी इथून हलत नाही. सूर्य उगवू दे, मंगळवार मला इथंच गाठेल." दोन्ही हातांनी बाक धरून बसले. मी चुलीवरचं दूध उतू जातंय का ते बघायला वळलो आणि परत वळलो तर बाक रिकामा. बुधवारी उजाडलं तेव्हा अण्णा बाक धरून तिथंच. म्हणाले, "चहा टाकलास का?" पहिल्या दिवशी वाटणी झाली ती झाली; त्यानंतर ज्याने सभेत हात वर केला किंवा खाली ठेवला, तो गावाबरोबर जातो. कुठे बसलाय याला महत्त्व नाही.

तेव्हापासून निरोपाचं काम माझ्याकडे आलं. मंगळवारी वहिनी गावातल्या सगळ्या म्हशींच्या धारा काढून माझ्याकडे दूध घालायला येत, आणि बाकीचे दिवस अण्णा येत.

"त्यांना म्हणावं," वहिनी सांगत, "सोमवारी मोरीत भांडी टाकून झोपता, ती मंगळवारी कोणी घासायची? घरात मी एकटीच असते."

मी बुधवारी अण्णांना सांगे. अण्णा म्हणत, "तिला म्हणावं, सदऱ्याचं बटण लावलेलं दिसलं. चुकीच्या रंगाचं आहे."

मंगळवारी वहिनी म्हणत, "चुकीच्या रंगाचं मुद्दाम लावलं. गावाला दिसू दे, घरात बाई नाही."

मी निरोपात माझ्या पदरचं घालतो असा माझ्यावर आरोप आहे. घालत नाही. चवीपुरतं मीठ घालतो. एकदा वहिनींनी "बरे आहेत ना?" एवढंच विचारलं होतं. मी अण्णांना सांगितलं, "वहिनी म्हणाल्या, वाळलेत असं ऐकलं." अण्णा दोन दिवस हॉटेलात बसून भजी खात होते.

असं चाललं असताना मंगळवाराशी करार करायची वेळ आली. कारण लसूण. तो विकायला बाजार लागतो, आणि बाजार मंगळवारात. दुसरं कारण म्हशी. मंगळवारचं दूध कोणाचं यावर भांडण पेटलं होतं. गाव म्हणे, म्हशी आमच्या. मंगळवार म्हणे, वैरण आम्ही टाकतो, धार आम्ही काढतो. तिसरं कारण सरपंच सांगत नसत, पण ते सभेत भाषण करायला तोंड उघडत तेव्हा सगळ्या गावाला दिसे.

मंगळवारच्या बाजूने बोलायला बाजार कमिटीचे इस्माईलचाचा तांबोळी होते. शांत माणूस. त्यांचं म्हणणं सरळ होतं. "आम्ही कुणाला हाकललं नाही. मंगळवार जिथल्या तिथं आहे. तुम्ही गेलात, आता यायचं म्हणता, या." करार झाला तो असा. ज्याला बाजाराला यायचं त्याने हातावर शिक्का मारून घ्यायचा, जत्रेतल्या पाळण्याला मारतात तसा, आणि मंगळवारात यायचं. दुपारचा भोंगा वाजला की शिक्केवाले आपोआप बुधवारात. टोपल्या कमिटी सांगेल तिथे. सकाळची धार मंगळवारची, संध्याकाळची धार झाकून बुधवारपर्यंत ठेवायची. पहिल्या दिवशी जी माणसं आणि चीजवस्तू मंगळवारात राहिली, ती गावाला परत. आणि शेवटी चाचांनी एक कलम घातलं. मंगळवारात सभा भरवायची नाही. "या, बसा, विका," ते म्हणाले. "पण सभा नको. सभेनेच तर हे सगळं झालं."

हे कळल्यावर अण्णा माझ्या हॉटेलात टेबलावर हात आपटून म्हणाले, "म्हणजे नियम त्यांचे, आणि त्यावर बोलायला आपल्याला तोंड नाही! अर्धा वार, तोही मुका! आपण बाहेर पडलो नसतो तर अख्खा वार होता आणि वर सभाही होती."

"मग विरोध करा," मी म्हणालो.

अण्णांनी टेबलावरचा हात उचलून घेतला. करारातलं एक कलम त्यांच्या बायकोचं होतं.

विरोधी आघाडीची बैठक माझ्याकडेच भरली. आघाडी म्हणजे अण्णा, देवकाते गुरुजी आणि शेवंताबाई ढेरे. गणित सगळ्यांना पाठ होतं. सरपंचांचे स्वतःचेच लोक फुटले होते. बबन शेळक्याला अर्धा मंगळवारही नको होता. त्याने घरातल्या कॅलेंडरवरची मंगळवारची ओळच कात्रीने कापून टाकली होती, त्यामुळे त्याच्या कॅलेंडरमधून भिंत दिसे. आघाडीने बबनबरोबर विरोधात हात वर केला तर करार पडत होता. बाजूने केला तर पास होत होता. काहीच केलं नाही तर काठावर पास होत होता.

"विरोध म्हणजे विरोध," गुरुजी म्हणाले. गुरुजी उन्हाळा असो पावसाळा असो, छत्री घेऊनच बसत. "करार वाचायचासुद्धा नाही. वाचला की अर्धा मान्य केल्यासारखं होतं. आपलं धोरण अख्ख्या मंगळवारचं आहे."

"तुमचं धोरण ठीक आहे हो," शेवंताबाई म्हणाल्या, "पण माझी अख्खी वस्ती बाहेर पडायच्या बाजूची. तिथून निवडून यायचंय मला. मी विरोध केला तर उद्या हापशीवर मला हंडा लावू देतील का? म्हणतील, ही बया आपल्याला परत त्या वारात नेते."

"मग बाजूने करा."

"बाजूने केला तर तुम्ही मला आघाडीत ठेवाल?"

"नाही," गुरुजी म्हणाले.

"बघा."

अण्णा म्हणाले, "मी बाजूने हात वर केला तर तो तुळशीराम गावभर सांगत फिरेल, बघा, अण्णाच म्हणाले चांगलं झालं. पुढे कराराचं वाटोळं झालं की म्हणेल, अण्णांचाही हात होता. विरोध केला आणि करार पडला तर…"

"तर कलावतीकाकू तिकडंच," शेवंताबाई म्हणाल्या. त्या जरा हळू म्हणाल्या.

गुरुजींनी छत्री या गुडघ्यावरून त्या गुडघ्यावर घेतली. "अण्णा, पक्षाच्या प्रश्नात घरचा प्रश्न आणू नये. तसं मी तत्त्व म्हणून बोलतोय."

"तुमची बायको कुठंय, गुरुजी?" मी विचारलं.

"घरी."

"कुठल्या वारात?"

"सगळ्या… मंगळवार सोडून सगळ्या."

"मग तत्त्व बोलायला सोपं जातं," मी म्हणालो आणि चहा ओतला. "अण्णा, मी सांगू का? तुम्हाला दोन हात आहेत. एक वर करा, एक खाली ठेवा."

कोणी हसलं नाही. अण्णा म्हणाले, "मंगळवारी तिला विचार."

मी विचारलं. वहिनींनी कॅन खाली ठेवला, पदराने कपाळ पुसलं आणि म्हणाल्या, "म्हणावं, माझ्याकडे बघून हात वर करू नका. आणि माझ्याकडे बघून खालीही ठेवू नका. मला आणखी चार गोठे आहेत, वेळ नाही." कॅन उचलून त्या निघाल्या, रस्ता ओलांडला, परत आल्या. "आणि म्हणावं, लसूण फडताळात ठेवू नका, मोड येतात. आढ्याला टांगा."

हा निरोप मी जसाच्या तसा दिला. मीठ घालायला जागाच नव्हती.

अण्णांनी निर्णय घेतला. सभात्याग. आघाडीचा सभात्याग ही गावात जुनी रीत होती. विषय अडचणीचा आला की गुरुजी उठून "निषेध असो" म्हणायचे, तिघं चपला शोधायचे, रस्ता ओलांडून माझ्याकडे चहा प्यायचे, आणि नाष्टा वाटायच्या आत परत जाऊन बसायचे. सरपंचही पुढचा विषय त्यांच्यासाठी थांबवून ठेवायचे, कारण ते नसले की सभेला चव येत नसे. बाजूने नाही, विरोधात नाही. करार काठावर पास होईल, वहिनी परत येतील, आणि हात मात्र स्वच्छ.

सरपंचांनी सभा सोमवारी, पण अगदी पहाटे, वार बदलायच्या जरा आधी ठेवली. बबनचे लोक उशिरा उठतात, हा त्यांचा हिशेब. पण बबन त्या दिवशी झोपलाच नव्हता.

विषय निघाला. गुरुजी उठले, "निषेध असो." चपला शोधल्या. शेवंताबाई उंबऱ्यापर्यंत आल्या आणि तिथेच थांबल्या, एक पाय आत, एक बाहेर. म्हणाल्या, "वस्तीत मी सांगेन सभेत होते. आघाडीला तुम्ही सांगा बाहेर होते." अण्णा आणि गुरुजी माझ्या बाकावर येऊन बसले. मी चहा दिला. आत आवाज चढलेला ऐकू येत होता. बबन उभा राहून म्हणत होता, "हा करार गावासाठी नाही! हा करार सरपंचांच्या दातांसाठी आहे!" सरपंच काहीतरी ठणकावून म्हणाले, पण दातांअभावी त्यात ठणका आला नाही. मग बबन पुन्हा, मग सरपंच पुन्हा.

"लांबणार," अण्णा म्हणाले.

गुरुजी एकदम उठले. "माझी छत्री आत राहिली." ते गेले. तेवढ्यात सूर्य उगवला.

समोरचा आवाज बबनच्या वाक्याच्या मध्येच बंद झाला. ग्रामपंचायतीच्या दारात कोणी नव्हतं. आत सतरंजी होती, खुर्च्या होत्या. गाव बुधवारात गेलं होतं. अण्णा कप हातात घेऊन बाकावर होते.

"अण्णा," मी म्हणालो, "मंगळवार."

अण्णांनी कपात पाहिलं, आभाळात पाहिलं. "चहा तोच आहे," ते म्हणाले.

गाव सभेच्या हुकमाने बाहेर पडलं होतं. ज्याने सभाच सोडली होती आणि सभा चालू असतानाच वार बदलला, त्याला सभेचा हुकूम लागत नव्हता. आजवर हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण आजवरचा सभात्याग एका कपाच्या पुढे कधी गेलाच नव्हता.

थोड्या वेळाने कलावतीवहिनी कॅन घेऊन आल्या. अण्णांना पाहून थांबल्या. कॅन खाली ठेवला नाही.

"तुम्ही?"

"सभात्याग केला."

"म्हणजे हात वर केला नाही?"

"नाही."

"खाली ठेवला नाही?"

"नाही."

"शोभलं तुम्हाला," वहिनी म्हणाल्या. मग जवळ येऊन त्यांनी सदऱ्याचं बटण पाहिलं. "एवढं काही वाईट दिसत नाही. आज उपास असेल तुमचा."

"मंगळवार आहे ना."

"आहे. चला, साबुदाणा भिजवायला हवा."

तो अख्खा दिवस दोघं रिकाम्या गावात होते. करार पास झाला की पडला, हे त्यांना ठाऊक नव्हतं. ते ठरायचं होतं बुधवारी. मी दुपारी उगाच काडेपेटी मागायच्या निमित्ताने डोकावलो. वहिनी धार काढत होत्या, अण्णा म्हशीचं शेपूट धरून उभे होते, आणि दोघंही लसूण कुठे टांगायचा यावर भांडत होते. मी काडेपेटी न घेताच परत आलो.

बुधवारी उजाडलं. ग्रामपंचायतीतून बबनचं वाक्य जिथे तुटलं होतं तिथून पुढे ऐकू आलं. मग हात वर झाले आणि करार काठावर पास झाला. त्याच क्षणी सरपंचांच्या खिशात त्यांना काहीतरी टोचलं. देवळाचं पातेलं ओट्यावर आलं. आणि रस्त्याच्या मधोमध कलावतीवहिनी उभ्या होत्या, हातात साबुदाण्याचं ताट. त्यांनी मागे वळून पाहिलं.

"हे कुठं राहिले?"

गुरुजी छत्री घेऊन बाहेर आले. नियम त्यांनीच समजावून सांगितला. पहिल्या दिवशी जे मंगळवारात राहिले तेच परत. अण्णा नंतर गेले. सभात्याग केला म्हणजे गावाचे सहा वार सोडले, उरला एक. आणि परत यायचं तर सभेत येऊन बसलं पाहिजे.

"मग सभा घ्या मंगळवारी," वहिनी म्हणाल्या.

"मंगळवारात सभा भरवायची नाही असं करारात आहे," गुरुजी म्हणाले. "अण्णांचा त्याच कलमाला सगळ्यात जास्त विरोध होता."

गुरुजी स्वतः छत्रीसाठी सभेत परत गेल्यामुळे वाचले. शेवंताबाई उंबऱ्यावर होत्या, त्यांना आता एका आड एक मंगळवार मिळतो. त्या म्हणतात, सोयीचं आहे.

पुढे सगळं सुरळीत झालं. सरपंच माझ्याकडे येऊन कडक चकली खातात. वहिनी दर मंगळवारी हातावर शिक्का मारून, खिचडीचा डबा घेऊन येतात. अण्णांना रोजच मंगळवार, त्यामुळे रोजच उपास. दोघं माझ्या बाकावर बसतात. वहिनींना अण्णा आठवड्यातून एकदा दिसतात, अण्णांना वहिनी रोज सकाळी दिसतात. त्यामुळे तक्रारी वहिनींकडे साठलेल्या असतात आणि अण्णांकडे नसतात. दुपारी भोंगा वाजला की वहिनी वाक्याच्या मध्येच जातात. उरलेलं वाक्य त्या बुधवारी सकाळी मला ऐकवतात.

दुपारनंतर अण्णा धारा काढतात. म्हशींना त्यांचा हात आवडत नाही. दोन म्हशी आटल्या, एकीने अण्णांना लाथ मारली.

सतत गैरहजर म्हणून अण्णांची पंचायतीतली जागा रिकामी झाली. तिथे कलावतीवहिनी उभ्या राहिल्या आणि निवडून आल्या. ज्या वाराला बाहेर काढायला त्यांनी हात वर केला होता, तो राखणाऱ्या आघाडीच्या त्या पुढारी झाल्या. त्यांनी इस्माईलचाचांकडे गोष्ट काढली, की मंगळवारात एकच सभा भरू द्या, एक माणूस येऊन बसेपर्यंत. चाचा म्हणाले, "भरवा. पण मग संध्याकाळची धारही आमची."

सरपंच आता सगळ्या दातांनिशी बोलत होते. "विषय सोपा आहे," ते म्हणाले. "गावाला दूध पाहिजे की अण्णा पाहिजे, एवढंच ठरवायचं."

आघाडीची बैठक पुन्हा माझ्याकडे झाली. गुरुजी म्हणाले, विरोध; सभेची परवानगी मागणं म्हणजे कलम मान्य करणं. शेवंताबाई म्हणाल्या, वस्तीत सगळ्यांच्या दारात म्हशी, दूध गेलं तर वहिनींना गावात पाय ठेवू देणार नाहीत. वहिनींनी दोघांचं ऐकून घेतलं. मंगळवारी त्यांनी अण्णांना सगळं सांगितलं.

"मग तू काय करणार?" अण्णांनी विचारलं.

भोंगा वाजला. बाकावर डबा राहिला, चमचा अजून हलत होता. अण्णा रिकाम्या जागेकडे पाहत म्हणाले, "हरबा, उद्या कळेल." त्यांचा उद्या म्हणजे पुढचा मंगळवार. बुधवारी वहिनी आल्या, चहा प्यायल्या, पण या वेळी उरलेलं वाक्य काही त्यांनी मला ऐकवलं नाही.

सभा सोमवारीच होती आणि पहाटेच होती. पहाटेचा आता पायंडा पडला आहे. मी दारात उभा राहून ऐकत होतो. विषय निघाला. सगळे वहिनींच्या हातांकडे बघत होते. वहिनी उठल्या आणि बबन शेळक्याकडे वळून म्हणाल्या, "बबनभाऊ, एक विचारायचं राहिलं. त्या दातांच्या दुरुस्तीचं पुढं काय ठरलं हो?"

बबन उभा राहिला. सरपंच उभे राहिले. आवाज चढला. वहिनींनी कोपऱ्यातल्या चपला शोधल्या, "निषेध असो" म्हणाल्या, शेवंताबाईंना उंबऱ्यावरून जरा बाजूला व्हायला सांगितलं आणि रस्ता ओलांडून माझ्या बाकावर येऊन बसल्या. हातावर शिक्का नव्हता.

"वहिनी," मी म्हणालो, "आत लांबणार आहे."

"लांबू दे."

"सूर्य उगवेल."

"उगवू दे. म्हशी आटायला लागल्यात ह्यांच्या हाताने." त्यांनी पदरातून लसणाची जुडी काढली आणि माझ्या आढ्याकडे बघून टांगायला खिळा शोधू लागल्या. "हरबाभाऊजी, दोन चहा टाका."

आत बबन अजून बोलत होता. मी आधण ठेवलं. पूर्वेला लाल झालं. मी दोन कप मांडले, मग आठवलं आणि तिसरा मांडला, कारण आजचा मंगळवार शेवंताबाईंचा होता.